सिलिॲक आणि चारची कॉफी: दोष कोणाचा?

नाचणीवाली (फोंडा)
मागच्या पावसाळ्यात बायोप्सीत सिलिॲक निघाला, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडं बिघडवणारा आजार. पोळी, पाव, पोई बंद. सकाळी उकड्या तांदळाची पेज नाहीतर घावन. पोट बरंच निवळलं, पण कॉफी सोसत नाही. आमच्याकडे चारची दुधाची फिल्टर कॉफी म्हणजे देवपूजेइतकीच नेमाची. अर्धा कप घेतला तरी पोटात गुडगुड, छातीत धडधड आणि रात्री डोळे टक्क उघडे. पूर्वी काहीच होत नसे. पुड्यावर चिकोरी लिहिलंय, त्यात ग्लुटेन असतं का? सासूबाई म्हणतात, "कॉफीत कसला गो गहू?"

म्हापशेकर
सासूबाई बरोबर आहेत. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. गहू, बार्ली, राय यांच्याशी संबंध नाही. सुटी पूड घेत असाल तर त्या यंत्रावर आणखी काय दळतात ते मात्र विचारा. आणि हॉर्लिक्ससारखं माल्टचं (म्हणजे बार्लीचं) पेय घरात असेल तर त्याचा चमचा कॉफीच्या डब्यात जाऊ देऊ नका.

मडगावची मावशी
अगो, माझा सिलिॲक जुना आहे, म्हणून सांगते. गुडगुड आणि धडधड एकाच खात्यात घालू नको.

गुडगुडीचा माझा पहिला संशय दुधावर. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे द्रव्य आतड्याच्या आतल्या बारीक अंकुरांवर असतं आणि सिलिॲकमध्ये झिजतात ते तेच. अंकुर भरून आले की बहुतेकांना दूध पुन्हा चालतं. तोवर घोटभर कोरी घेऊन बघ. कोरीनेही तसंच झालं तर मग कॉफीच. ती मुळातच आम्ल वाढवते, आतडी हलवते.

धडधडीसाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घे. सिलिॲकवाल्यांत दोन्हींची गडबड नेहमीची, आणि अशक्त अंगाला थोडं कॅफिनही जड जातं. जेवणाला लागून कॉफी घेतली तर अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, चहानेही तेच. थायरॉइडची गोळी असेल तर ती नुसत्या पाण्याबरोबर, कॉफी निदान अर्ध्या तासाने.

झोपेचा हिशेब सरळ आहे. कॅफिन निम्मं उतरायला साधारण 5 तास लागतात, म्हणजे चारच्या कपातलं निम्मं नऊला अंगातच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर याहून बराच जास्त वेळ. हे मला कोणत्याच डॉक्टरने आपणहून सांगितलं नव्हतं!

नाचणीवाली (फोंडा)
मावशी, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, यंदाच सुरू केल्या. हिमोग्लोबिन तेव्हा 9 होतं, नंतर बघितलेलं नाही. थायरॉइड कधीच नाही. दोन्ही करून घेते. पण चारला सगळे बसतात तेव्हा मी काय पिऊ? कोकम सरबत पावसात नको वाटतं.

पेडण्याचा भाऊ
धणे-जिऱ्याचा कसाय, गूळ घालून. कॅफिन शून्य. धणे-जिरे अख्खे आणून घरीच भाजून कुटा, तयार पुडीत काय मिसळलंय कोण बघणार. डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफीही चालेल, पण त्यातही चिमूटभर कॅफिन राहतंच.

मडगावची मावशी
कसायात दूध घालतात हो आमच्याकडे. सध्या बिनदुधाचाच कर गो.