सेंदाईला पोस्टडॉक, घराचं काय करू?

एप्रिलपासून जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) मिळाली आहे. सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी. तिघांचं सीओई (व्हिसासाठी लागणारं जपान सरकारचं पात्रता प्रमाणपत्र) हातात आलंय. घर पुण्यातूनच ठरवावं का?

प्रतिसाद १: अजिबात नको. आधी विद्यापीठाचं गेस्ट हाऊस मागा. बाहेर बऱ्याच घरांना ‘रेइकिन’ म्हणजे घरमालकाला भेट म्हणून रक्कम द्यावी लागते, ती परत मिळत नाही. वर हमीदार हवा. मी इथे जपानमध्ये त्सुकुबाला आले तेव्हा घरात दिवासुद्धा नव्हता, छताला नुसतं सॉकेट! पहिली रात्र मोबाईलच्या उजेडात काढली, फार रडू आलं.

प्रतिसाद २: नारिता विमानतळावर उतरलात तर रेसिडेन्स कार्ड (परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र) तिथेच मिळेल. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आजच मेल टाकतो. कुकर, मिक्सर आणू?

प्रतिसाद १: कुकर आणाच, पण गॅस आहे का ते विचारून. मिक्सर नको, तिथे वीज १०० व्होल्टची.