हजरत उमर माणूस म्हणून कसे होते?

गंगापूररोडकर: जुन्या नाशकातले आमच्या दुकानाशेजारचे चाचा न्यायाचा विषय निघाला की हजरत उमर यांचं नाव काढतात. मला दुसरे खलिफा एवढंच माहितीय, कुणी जरा सविस्तर सांगा ना.

भद्रकालीकर: ताई, आधी ते इस्लामचे कट्टर विरोधक, मग बहिणीच्या घरी कुराण ऐकून पालटले असं सांगतात. ६३४ ते ६४४ खलिफा होते, सीरिया इराक इजिप्त त्याच काळात जिंकलं. पण मला भिडतो तो ६३९ च्या सुमाराचा दुष्काळ, लोकांना मिळत नाही तोवर तूप-मांस खाणार नाही म्हणून नुसत्या तेलावर राहिले आणि बाहेरच्या प्रांतांतून धान्य मागवलं. माझ्या आजीने येवल्यात ७२ चा दुष्काळ काढलाय, तिला हे सांगितलं तर डोळ्यात पाणी आलं तिच्या.

मालेगावचा: हिजरी सनाची गणना त्यांनीच सुरू केली. स्वभाव कडक, खालिद बिन वलीदसारख्या जिंकणाऱ्या सेनापतीलाही पदावरून काढलं.

गंगापूररोडकर: आणि शेवट?

भद्रकालीकर: मदिनेत नमाजाच्या वेळी खंजिराचे वार झाले. पुढचा खलिफा निवडायला ६ जण नेमले, मुलगा सल्ल्याला असेल पण खलिफा होणार नाही हे बजावूनच गेले.