मांजरमाणसं म्हणजे टॅबॅक्सी बंद केल्याने टेबल सुधारतं का?

फासा_फिरला
काल 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (फासे टाकून, पात्रं वठवत खेळायचा खेळ) चालवणाऱ्या एका डीएमनं लिहिलं, "माझ्या टेबलावर माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग, फार तर ड्रॅगनबॉर्न. मांजरं-ससे-कासवं नकोत, मला सर्कस चालवायची नाही." तिथंच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आग ओकणारा सहा फुटी सरडा गंभीर, आणि मांजर दिसलं की सर्कस? ड्रॅगनबॉर्न २००८ साली मुख्य पुस्तकात आला तेव्हा त्याच्याही नावानं बोटं मोडून झालीत, आता डोळ्यांना सवय झाली, एवढंच. टॅबॅक्सी, कावळ्यासारखे केन्कू, उडणारे पक्षीमाणूस आराकोक्रा, तिघंही १९८१च्या 'फीन्ड फोलिओ' या पुस्तकातले. नव्या पोरांचं फॅड म्हणता ते माझ्याहून म्हातारे आहेत. आणि एल्फ खेळणारे असे काय दिवे लावतात? टोकदार कानांचा पुणेकर, झालं.

किल्लेदार
तो डीएम मीच. आता माझं ऐका.

गट पाच जणांचा: दोन टॅबॅक्सी, टॉर्टल (कासव), हॅरेंगॉन (ससा), आराकोक्रा. कॅम्पेन (बैठकांमागून बैठका चालणारी गोष्ट) भुताटकीचं. पहिल्याच सेशनला गावातल्या एका लहान मुलाची अंत्ययात्रा. मी आवाज खाली आणून वर्णन करतोय, आणि एक टॅबॅक्सी माझ्याकडे बघत बघत, एका बोटानं, मी रंगवलेली मिनी (पात्राची छोटी मूर्ती) टेबलाच्या कडेला ढकलत नेतोय. "मांजर आहे ना मी." फरशीवर पडून भाल्याचं टोक मोडलं. तीन सेशन हाच विनोद. आराकोक्रावाल्याचं तर विचारूच नका. जुन्या नियमानं पहिल्या लेव्हलला ५० फूट उड्डाण! तुटक्या पुलाची दरी मी दोन संध्याकाळी बसून आखली होती, हा दोर घेऊन पलीकडे. चार मिनिटांत दरी संपली.

कासवीण
मग मिनीचे पैसे वसूल करा, अख्ख्या मांजरजातीवर बंदी कशाला? तो पोरगा माणूस खेळला असता तरी आगाऊच असता.

मी दीड वर्ष टॉर्टल खेळतेय. आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १७, बाकी कुठलं चिलखत चढत नाही. कवचात शिरलं की ४ वाढतात, पण जागचं हलता येत नाही. ही झाली आकडेमोड. टॉर्टल आयुष्याच्या अखेरीस अंडी घालतात आणि उरलेला वेळ पिल्लांना शहाणं करण्यात घालवतात. म्हणून माझी म्हातारी गावोगाव गोष्टी गोळा करत फिरते, पिल्लांसाठी. यात विनोद कुठाय दाखवा.

गणिती_गॉब्लिन
मांजरजात! बरं झालं विषय निघाला. किल्लेदार, तुम्ही जी मराठी कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती भरायचा कागद) वाटता, तिच्यावर 'जात' असा रकाना आहे. कुणालाच खटकलं नाही?

किल्लेदार
रेसला मराठीत काय म्हणू मग, शर्यत?

गणिती_गॉब्लिन
वंश म्हणा. प्रजाती म्हणा. खेळ काढणाऱ्या कंपनीनंसुद्धा डिसेंबर २०२२मध्ये रेस सोडून स्पीशीज घ्यायचं जाहीर केलं, २०२४च्या पुस्तकात तसंच छापलंय.

तास_तिसरा
जीवशास्त्र शिकवतो म्हणून राहवत नाही. मराठी विश्वकोशात स्पीशीजला 'जाती' आहे आणि जीनसला 'प्रजाती'. म्हणजे फिरून जातीवरच आलात.

गणिती_गॉब्लिन
सर, विश्वकोश तुमच्याजवळ ठेवा. आमच्या टेबलावर एक नवा मुलगा आला होता. हीच शीट. त्या रकान्यापाशी पेन थांबलं आणि त्यानं विचारलं, "खरी लिहायची की खेळातली?" सगळे हसले. तो नाही हसला. पुन्हा आला नाही.

किल्लेदार
झालं, आणलंत राजकारण. चार तास ड्रॅगन मारायला बसतो राव आम्ही!

गणिती_गॉब्लिन
मी आणलं? ऑगस्ट २०२२च्या 'स्पेलजॅमर' पुस्तकातले हॅडोझी आठवतात? माकडासारखी जमात, आणि तिचा इतिहास काय तर एका जादूगारानं पकडून आणली, औषध पाजून हुशार केली, गुलाम म्हणून विकायला. सप्टेंबरात कंपनीला माफी मागून तो मजकूर काढावा लागला. 'नुसता खेळ' असता तर कशाला काढला असता?

फासा_फिरला
अरे, माझा धागा मांजरांचा होता!

असो. माकडांवर आलोच आहोत तर एक सांगतो. किष्किंधाकांडात हनुमंत पहिल्यांदा भेटतो तेव्हा राम लक्ष्मणाला काय सांगतो? ह्याचं व्याकरण बघ, बोलताना एक शब्द चुकला नाही. शेपटीवर विनोद नाही. वानर मुत्सद्दी असू शकतो हे आजीच्या मांडीवर ऐकून वाढलो आपण, आणि फासे हातात आले की कासवाला हसतो.

किल्लेदार
वाल्मीकींच्या टेबलावर मिनी ढकलणारा कुणी नव्हता.

कासवीण
😂 हे मात्र मान्य. आमच्या गटात एक जण केन्कू खेळायचा, जुन्या नियमानं, म्हणजे ऐकलेलंच बोलायचं. एकदा पहारेकऱ्याला चकवायला त्यानं आमच्या डीएमचाच आवाज काढला, "तुमच्यासमोर तीन दारं आहेत..." डीएम स्वतः क्षणभर गप्प. २०२२मध्ये ती अट काढून टाकली, माझ्या मते वाटोळं केलं.

किल्लेदार
हे भारी आहे. ठीक, पुढच्या कॅम्पेनला एक केन्कू. एकच. रकान्याला 'वंश' करतो, गॉब्लिनसाहेबांचा जीव शांत होऊ दे. आणि उडायचं नाही.

फासा_फिरला
केन्कूला उडता येतच नाही.

किल्लेदार
माहितीय. म्हणूनच तो निवडला.