मदत हवी आहे: घरचा नॅस बाहेरून उघडत नाही, सीजी-नॅटवर उपाय?

साताऱ्याच्या घरी सिनॉलॉजीचा दोन हार्डडिस्कचा नॅस (नेटवर्कवर फाइली साठवणारं यंत्र) आहे. घरातल्या वायफायवर उत्तम चालतो, पुण्याहून उघडायला गेलं की टाइमआउट.

आधी राउटरवर पोर्ट ५००१ फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी नॅसकडे वळवली; डीडीएनएसही (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सोय) लावलं. काहीच फरक नाही. मग राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) पाहिला, तो १००.७२ ने सुरू होतो. 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवर मात्र वेगळाच. म्हणजे इंटरनेट कंपनीने सीजी-नॅटमागे (अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक आयपी) ठेवलंय, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग शून्य, बरोबर ना? स्टॅटिक आयपीला दरमहा वेगळे पैसे मागतात.

सध्या नॅसवर टेलस्केल (आपली यंत्रं एकमेकांना जोडणारं खासगी व्हीपीएन) टाकलंय. जोडणी होते, पण स्टेटसमध्ये 'डायरेक्ट' ऐवजी 'रिले' (मधल्या सर्व्हरमार्गे) दिसतं आणि आईने काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ उतरायला चहा करून पिऊन होतो. नॅसला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, नॅटची गरज नसलेला) पत्ता मिळालाय, माझ्या पुण्याच्या लाइनलाही आहे. पण कंपनीच्या राउटरमध्ये आयपीव्ही६ फायरवॉलचा पर्यायच सापडत नाही.

घरी फक्त आईबाबा असतात, त्यांना राउटर बंद-चालू करण्यापलीकडे काही सांगू शकत नाही. मी दिवाळीत जाणार, तेव्हा एकदाच काय ते करून यायचंय. नॅस थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही, रॅन्समवेअरची खरंच भीती वाटते.

तर कंपनीचं यंत्र ब्रिज मोडवर (त्याचं राउटरचं काम बंद करून) टाकून मागे स्वतःचा राउटर लावला, तर आयपीव्ही६ वरून टेलस्केल डायरेक्ट जोडलं जाईल का? कुणी हे प्रत्यक्ष केलंय का?