नव्या जीवजातीला माणसाचं नाव कशाला?

रानजाई
स्लोव्हेनियाच्या गुहांमध्ये एक आंधळा तपकिरी भुंगेरा राहतो. शास्त्रीय नाव अ‍ॅनोफ्थॅल्मस हिटलरी. १९३७ साली ऑस्कर शाइबेल या कीटकसंग्राहकाने भक्तिभावाने ठेवलेलं. आज केवळ त्या नावापायी त्याला पकडून विकतात. बिचाऱ्याला डोळेसुद्धा नाहीत, आणि पदरी हे बारसं! २०११ मध्ये सोनेरी पोटाच्या माशीला गायिका बियॉन्सेचं नाव दिलं, २०१७ मध्ये डोक्यावर पिवळट खवले असलेल्या पतंगाला ट्रम्प यांचं. माणसांची नावं देणं बंदच करा. नावातून रंग, आकार, राहण्याची जागा कळू दे.

खवचट मुंगळा
वर्णनाची नावं फार खरं बोलतात म्हणता? पॅराडिसिया अपोडा, म्हणजे 'बिनपायाचा'. या स्वर्गीय पक्ष्याला चांगले दोन पाय आहेत. युरोपात पोचलेल्या कातड्यांचे ते आधीच कापलेले होते, एवढंच. जोजोबाचं नाव सिमंड्सिया चायनेन्सिस. वाढतो उत्तर अमेरिकेच्या वाळवंटात. बॅसिलोसॉरस हा लुप्त प्राणी, नावाचा अर्थ 'सरड्यांचा राजा', तो निघाला देवमासा! जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी दुसरं नाव सुचवूनही आधीचंच टिकलं. नियमच तसा आहे: पहिला तो पहिला.

रानजाई
चूक अजाणता होते. हिटलरचा गौरव अजाणता झाला नव्हता.

आठ पाय
मी स्वतः दोन कोळ्यांना नावं दिली आहेत, म्हणून बोलते. एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, शेकड्याने जाती, सगळ्या तपकिरी. फरक दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, जननेंद्रियांत. एकदा वापरलेलं विशेषण त्या प्रजातीत पुन्हा चालत नाही, त्यामुळे 'तपकिरी', 'लहान', 'केसाळ' कधीच संपलेली असतात. गावाचं नाव द्यावं, तर पुढे तोच कोळी हजार किलोमीटरवर सापडतो. मग चिखल तुडवत नमुना शोधणाऱ्या सहकाऱ्याचं नाव दिलं तर बिघडलं कुठे? बाई असेल तर नावाच्या शेवटी 'ए' (ae), पुरुष असेल तर 'आय' (i). स्वतःचं मात्र कोणी देत नाही, हसं होतं. आणि माणसांची नावं म्हणजे कौतुकच असं नाही हं! टीका करणाऱ्या सिगेसबेक या वनस्पतितज्ज्ञाचं नाव, शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने एका फालतू तणाला चिकटवलं.

शेवाळ
वनस्पतीवाल्यांनी वाट काढली की. शास्त्रीय नावांतला 'कॅफ्रा' हा शब्द आफ्रिकेत वंशद्वेषी शिवीशी जोडलेला. २०२४ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मतदान होऊन त्याचं 'अ‍ॅफ्रा' झालं. वनस्पती, शैवाल, बुरशी धरून दोनशेहून अधिक नावं. एक अक्षर गेलं, आभाळ कोसळलं नाही. प्राण्यांच्या नामकरण आयोगाने मात्र २०२३ मध्ये सांगून टाकलं, नैतिक कारणासाठी जुनी नावं बदलणार नाही.

खवचट मुंगळा
बरोबरच सांगितलं. आज शिवी, उद्या राजकारण, परवा नुसती नावड. दर पिढीला नवीन यादी करायची का?

टिकली
आणि २००५ चं माकड? बोलिव्हियातल्या टिटी माकडाच्या नावाचा हक्क एका ऑनलाइन कॅसिनोने साडेसहा लाख डॉलरला घेतला. पैसे मादिदी राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षणाला गेले. मला ते सोनेरी पोटाच्या माशीपेक्षा जास्त पटतं.

रानजाई
मलाही पटलं, नाइलाजाने. आठ पाय यांचा सहकारीही मान्य. पण भुंगेऱ्याचं नाव तरी बदला.

आठ पाय
बदललं तरी जुन्या शोधनिबंधांत आणि संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांवर तो हिटलरीच राहील. विकणारे तीच चिठ्ठी दाखवून विकतील.