तोतया पोलीस आणि शिक्षेची तरतूद

सचिव : काल आपल्या सोसायटीतील एका ज्येष्ठ सभासदांना पोलिसी गणवेशातील माणसाने व्हिडिओ कॉल करून, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, कॉल बंद केलात तर अटक होईल’ असे धमकावले. मुलगा वेळेवर घरी आल्यामुळे पैसे वाचले. पैसेच गेले नाहीत, तर तक्रार कशाची द्यायची, असा त्यांचा प्रश्न आहे. वकीलताईंनी कृपया मार्गदर्शन करावे.

बी-५०४ (वकील) : काकांनी तक्रार अवश्य द्यावी. आपण लोकसेवक (पोलिसांसारखा सरकारी अधिकारी वा कर्मचारी) नाही हे ठाऊक असताना तशी बतावणी करून त्या पदाच्या नावाखाली काही करणे किंवा करू पाहणे, हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे, मग एक रुपयाही गेलेला नसो. जुन्या दंड संहितेच्या कलम १७० मध्ये कमाल दोन वर्षे कैद किंवा नुसता दंड होता, त्यामुळे दंड भरून सुटण्याची वाट मोकळी राहत असे. १ जुलै २०२४ पासून किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कैद आणि शिवाय दंड अशी तरतूद आहे. माझ्या दृष्टीने ते किमान सहा महिनेच सर्वांत मोलाचे आहेत.

मात्र फसवणुकीसाठी लोकसेवकाचा गणवेश घालणाऱ्याला कलम २०५ नुसार आजही फार तर तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस घाबरतो तो गणवेश पाहूनच, म्हणून ही शिक्षा वाढायलाच हवी.

ए-३०२ : ताई, असे कितीतरी कॉल परदेशातून येतात. माणूस हातीच लागणार नसेल, तर शिक्षा वाढवून काय उपयोग?

बी-५०४ (वकील) : आपला मुद्दा रास्त आहे, परंतु पैसे वळवायला बँक खाती आणि सिमकार्डे पुरवणारे बहुधा इथलेच असतात, आणि तक्रारच नसेल तर त्यांच्यापर्यंतही कोणी पोहोचत नाही. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. नुसता संशयास्पद कॉल आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षु’ सुविधेत नोंद करता येते. शिवाय अटक करणाऱ्या पोलिसाच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे आणि अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही लागते, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर अटक होऊच शकत नाही.

काका, तो क्रमांक, कॉलची वेळ आणि आलेले संदेश पुसू नका. उद्या सकाळी मी आपल्यासोबत पोलीस ठाण्यात येते.