शेक घेण्याआधी दात दाखवून घ्या

स्वरयंत्राच्या कॅन्सरवर ऑपरेशन करावं की शेक (रेडिएशन) घ्यावा, यावर इथं काहींनी लिहिलंय, "आवाज वाचतो, चिरफाड टळते, मग शेकच बरा". हे म्हणणं गाठ लहान असेल तर पटतं. आमच्या आण्णांनीही तेच निवडलं. पण शेक म्हणजे आठवड्यातले 5 दिवस, असे 6-7 आठवडे. गडहिंग्लजहून रोज एसटीनं कोल्हापूर झेपेना, शेवटी राजारामपुरीत खोली घेतली.

दातांचं मात्र कुणीच लिहिलं नाही. शेकाच्या पट्ट्यात लाळग्रंथी आणि जबडा येत असेल तर लाळ आटते, दात किडतात, आणि असा दात नंतर काढला तर हाड लवकर भरून येत नाही, सडूही शकतं. आण्णांच्या 2 किडक्या दाढा आधीच काढल्या, जखम भरेपर्यंत 2 आठवडे थांबलो. तेवढ्यानंही जीव टांगणीला लागला होता. आजही भाकरी आमटीत कुस्करूनच उतरते, उशाला पाण्याची बाटली लागते; दाढांचा त्रास मात्र नाही. शेकाची तारीख ठरायच्या आत डेंटिस्टकडं जाऊन याच.